अठरा टक्क्यांच्या आधी: घरातून अनुवाद करणारीची जीएसटी नोंदणी

२०२३ च्या जानेवारीत माझ्या बिलांची बेरीज त्या आर्थिक वर्षापुरती वीस लाखांच्या पुढे गेली. मी जर्मन अनुवादक आहे. यंत्रांची मॅन्युअल्स, करारनामे, पेटंटचे मसुदे आणि जर्मनीला शिकायला निघालेल्या मुलांच्या गुणपत्रिका, असं माझं काम. घर ठाण्यात नौपाड्यात, आणि ऑफिस म्हणजे त्याच घरातली गॅलरीकडची खोली.

सेवा देणाऱ्यासाठी वीस लाखांची मर्यादा आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यात काय काय मोजायचं हे मात्र विचारावं लागतं. माझ्या ओळखीतले बरेच फ्रीलान्सर छातीठोकपणे सांगतात की परदेशातून आलेले पैसे त्यात धरायचे नाहीत, कारण त्यावर करच लागत नाही. कायद्यात तसं नाही. एका पॅनवर देशभरात होणारी सगळी उलाढाल एकत्र धरायची: करपात्र, करमाफ आणि निर्यातसुद्धा. कुणी डोंबिवलीतला फ्लॅट राहायला भाड्याने दिला असेल तर त्या भाड्यावर कर नाही, पण बेरजेत ते येतंच. माझं निम्म्याहून अधिक काम जर्मनीतल्या एका एजन्सीचं. नुसती देशातली बिलं धरली असती तर मी मर्यादेच्या बरीच खाली होते. मी दर महिन्याला बेरजेची शीट सीएंना पाठवत होते, त्यांनीच फोन केला. म्हणाले, "मॅडम, ओलांडली. आता अर्ज करायला तीस दिवस."

घरात हे कळल्यावर सासऱ्यांनी चष्मा काढून ठेवला. त्यांचं जांभळी नाक्याला हार्डवेअरचं दुकान होतं. आधी विक्रीकर, मग १ एप्रिल २००५ पासून व्हॅट, असा सगळा काळ त्यांनी गल्ल्यावर बसून काढलेला. "अगं, व्हॅट मालावर असतो. तू कुठला माल विकतेस? कागद तर गिऱ्हाईकाचाच असतो."

बाबांचं म्हणणं त्यांच्या काळापुरतं अगदी बरोबर होतं. महाराष्ट्राचा व्हॅट फक्त वस्तूंवर होता, सेवांना तो कधी लागलाच नाही. सेवांवरचा कर केंद्राचा. तो १९९४ मध्ये टेलिफोन, शेअर दलाल आणि सर्वसाधारण विमा या तीनच सेवांवर, पाच टक्क्यांनी सुरू झाला. आर्किटेक्ट, इंटिरियर डेकोरेटर, सीए अशी व्यावसायिक मंडळी १९९८ मध्ये त्यात आली. २०१२ मध्ये उलटी रीत आली: यादीत नाव असेल तर कर, असं न राहता सूट दिलेल्या यादीत नसाल तर कर. दर वाढत वाढत उपकरांसह १५ टक्क्यांपर्यंत गेला आणि १ जुलै २०१७ ला दोन्ही प्रवाह जीएसटीत मिळाले. व्यावसायिक सेवांना तेव्हापासून १८ टक्के. डॉक्टरच्या उपचारांवर नाही. वकिलांचं आणखी निराळं, ते पुढे येईल.

मुळात जीएसटी हा व्हॅटच आहे, फक्त सेवांनाही कवेत घेणारा. त्यामुळे बाबांना जे येत होतं ते वाया गेलं नाही. खरेदीवर भरलेला कर विक्रीच्या करातून वजा करायचा, हा हिशोब त्यांना माझ्यापेक्षा चांगला येतो. ते अजून त्याला 'सेट-ऑफ'च म्हणतात.

सोसायटीतल्या एका काकांनी मध्येच "सहा टक्केवाली स्कीम घे ना" असं सुचवलं. सेवा देणाऱ्यांसाठी अशी योजना आहे खरी. एप्रिल २०१९ पासून, पन्नास लाखांपर्यंतच्या उलाढालीला, सहा टक्के सपाट. त्यात गिऱ्हाईकाकडून कर वेगळा घेता येत नाही आणि इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही. पण राज्याबाहेर किंवा देशाबाहेर सेवा देणाऱ्याला ती मिळतच नाही. माझं एक गिऱ्हाईक बंगळूरला, एक जर्मनीत. विषय तिथेच संपला.

अर्ज पोर्टलवर. पहिल्या भागात पॅन, मोबाइल, ईमेल, दोन ओटीपी, की एक तात्पुरता क्रमांक मिळतो. तो पंधरा दिवस चालतो, तेवढ्यात दुसरा भाग पुरा करायचा. दुसऱ्या भागात धंद्याचं नाव, जागा, सेवांचे सांकेतांक, नोंदणी का घेताय, आणि नोंदणीची जबाबदारी कोणत्या तारखेला आली. ही शेवटची तारीख सीएंनी स्वतः बिलं चाळून काढली. "याच्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे," असं म्हणाले, ते का ते महिनाभराने कळलं. सांकेतांक सोपे होते. अनुवाद आणि दुभाषी सेवेला स्वतःचा आकडा आहे, ९९८३९५.

फोटो शंभर केबीच्या आत, कागद पीडीएफमध्ये. यात काही सांगण्यासारखं नाही. सांगण्यासारखं आहे ते जागेचं.

फ्लॅट सासऱ्यांच्या नावावर. म्हणजे माझ्या धंद्याची जागा 'संमतीने' वापरलेली. त्यासाठी त्यांचं संमतीपत्र आणि जागेचा पुरावा. संमतीपत्र स्टॅम्प पेपरवर असायला हवं असं कुठे लिहिलेलं नाही. तरी सीए म्हणाले, "असू द्या. नसलं की विचारतात, असलं की कुणी बघत नाही." मग बाबा आणि मी कोर्टनाक्याला गेलो. शंभराचा स्टॅम्प पेपर घेतला, तिथल्याच टायपिंगवाल्याने त्याच्याजवळच्या तयार मजकुरात नावं बदलली, नोटरीने शिक्के मारले. टायपिस्टने 'प्रोप्रायटरशिप' आधी 'पार्टनरशिप' केलं होतं. बाबांनी ते उभ्या उभ्या पकडलं. दुकानदाराची नजर.

पुरावा म्हणून महावितरणचं वीजबिल जोडलं. मालमत्ता कराची पावती बाबांच्या नावावर, पण वीजबिल अजून आजेसासऱ्यांच्या नावावर येतं. ते जाऊन खूप वर्षं झाली. ठाण्याच्या जुन्या घरांत हे सर्रास आढळतं. बिल वेळेवर भरलं जातं, मग नाव बदलायला कोण जातंय! अधिकाऱ्यांनी नेमकं त्याच्यावर बोट ठेवलं. पोर्टलवर नोटीस आली: संमती देणाऱ्याचं नाव आणि वीजबिलावरचं नाव जुळत नाही, खुलासा करा. उत्तराला सात कामकाजाचे दिवस.

मला तो प्रश्न रास्तच वाटला. खोट्या पत्त्यांवर नोंदण्या काढून बनावट बिलं फाडणाऱ्यांच्या बातम्या आपण वाचतोच. बाहेरून पाहणाऱ्याला मृत माणसाच्या नावाचं बिल काय सांगतं? राग आला तो दुसऱ्या मागणीचा. निवासी इमारतीत धंदा करायला सोसायटीचं ना-हरकत पत्र आणा, असंही त्यात होतं. नियमात तशी अट नाही. सीएंनी उत्तरात मालमत्ता कराची पावती, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि देखभाल खर्चाचं ताजं बिल जोडलं. तिन्ही कागदांवर बाबांचं नाव. ना-हरकतीबद्दल एका ओळीत नम्रपणे लिहिलं की नियमानुसार मालकीचा एक पुरावा आणि मालकाची संमती पुरेशी आहे. पुढे प्रश्न आला नाही. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय जीएसटीच्या अधिकाऱ्यांसाठी सूचना निघाली, तिच्यात हेच सांगितलंय. जागा स्वतःची असेल तर मालकीचा कोणताही एक कागद पुरे, जादा कागद आणि तर्कटी प्रश्न नकोत. मला तेव्हा ती असती तर बरं झालं असतं.

मी आधार पडताळणी केली होती, त्यामुळे घरी तपासणीला कुणी आलं नाही. प्रमाणपत्र ईमेलने आलं. पंधरा अक्षरी क्रमांक: सुरुवातीला २७, मग पॅनची दहा अक्षरं, मग उरलेली तीन. बाबांनी फोनवर तो मोठा करून पाहिला. "सत्तावीस आपलंच. माझा व्हॅटचा नंबर, टिन, तोही सत्तावीसनेच सुरू व्हायचा आणि शेवटी व्ही." राज्याचा सांकेतांक तोच राहिलाय.

नियमाप्रमाणे प्रमाणपत्र जागेवर दिसेल असं लावायचं आणि प्रवेशद्वाराच्या पाटीवर क्रमांक लिहायचा. म्हणजे आमच्या दारावर आडनावाखाली पंधरा अक्षरं. ती लावल्याच्या संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यात थांबून ती वाचत होते. "वहिनी, कमर्शियल झालं का हे?" मी म्हटलं, "मी पूर्वी जे करत होते तेच करतेय, आता सरकारला माहीत आहे एवढंच."

आता त्या तारखेचं. तीस दिवसांच्या आत अर्ज केला तर नोंदणी ज्या दिवशी जबाबदारी आली त्या दिवसापासून लागू होते, प्रमाणपत्र हातात पडलं त्या दिवसापासून नाही. मधल्या काळात काम थांबलेलं नसतं, बिलं गेलेली असतात, आणि त्यांवर कर लावलेला नसतो, कारण नंबरच नव्हता. त्यासाठी सोय अशी की प्रमाणपत्र मिळाल्यापासून महिन्याभरात त्या बिलांच्या जागी सुधारित बिलं देता येतात. मीही दिली. जर्मनीच्या बिलांत कर वाढवायचा प्रश्न नव्हता. बंगळूरच्या एजन्सीने "ओके" एवढंच कळवलं. पुण्यातल्या एका कारखान्याने मात्र हात वर केले.

त्यांच्या अकाउंट्समधले गृहस्थ म्हणाले, "मॅडम, पीओमध्ये, म्हणजे आमच्या खरेदी ऑर्डरमध्ये, जी रक्कम आहे ती सगळं धरून." माझ्या कोटेशनमध्ये 'कर अतिरिक्त' हे शब्द होते. सीएंनी ते मला पहिल्याच वर्षी घालायला लावले होते, नोंदणीचा पत्ताही नसताना. ते कोटेशन पाठवलं, वर समजावलंही की हा कर तुमच्या खिशातून जात नाही, तुम्ही नोंदणीकृत आहात, पूर्ण क्रेडिट मिळतं. गृहस्थ हे सगळं माझ्याहून जास्त जाणत होते. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की आधी तुमचं बिल आमच्या टू-बीमध्ये दिसू दे, मग कराची रक्कम सोडतो.

टू-बी म्हणजे जीएसटीआर-२बी, दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होणारं विवरण. विकणाऱ्याने स्वतःच्या विवरणपत्रात बिल दाखवलं तरच ते घेणाऱ्याच्या टू-बीत उतरतं, आणि तिथे उतरलं तरच त्याला क्रेडिट. मी तिमाही विवरणपत्राचा पर्याय घेतला होता. पाच कोटींखालच्यांना तो मिळतो. त्यात कर दर महिन्याला चलनाने भरायचा, विवरणपत्र तीन महिन्यांनी. पण मग गिऱ्हाईकाला तीन महिने थांबावं लागतं. त्यावर उपाय आहे. तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांत, पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत, फक्त बिलांची यादी टाकता येते. ही सोय ऐच्छिक आहे, म्हणून बरेच जण तिच्याकडे बघत नाहीत. मोठ्या कंपन्यांबरोबर काम असेल तर ती ऐच्छिक समजू नये. मी यादी टाकली, १४ ला त्यांच्याकडे बिल दिसलं, आणि पुढच्याच आठवड्यात कराची रक्कम जमा झाली.

बिलाचा हिशोब एकदा आकड्यांत मांडते, कारण पहिल्या बिलाच्या वेळी मला हे कुणीतरी असं मांडून दाखवायला हवं होतं. पन्नास हजारांचं काम. त्यावर अठरा टक्के म्हणजे नऊ हजार. गिऱ्हाईक महाराष्ट्रातलं, म्हणून साडेचार हजार केंद्राचे, साडेचार हजार राज्याचे. बिल ५९,०००. गिऱ्हाईक दहा टक्के टीडीएस कापतं, पण तो ५०,००० वर, कर धरून नव्हे. जीएसटी बिलात वेगळा दाखवला असेल तर त्यावर टीडीएस नाही, हे आयकर खात्याने जुलै २०१७ मध्येच परिपत्रकाने स्पष्ट केलंय. तरी ५९,००० वर कापणारे भेटतात, त्यांना परिपत्रक पाठवावं लागतं. खात्यात आले ५४,०००. त्यातले नऊ हजार सरकारचे. माझे ४५,०००, आणि टीडीएसचे पाच हजार आयकराच्या वेळी. नऊ हजारांसाठी मी वेगळं बचत खातं उघडलंय आणि पैसे आले की त्याच दिवशी तिकडे वळवते.

पण पैसे आले की, म्हणजे केव्हा? अठरा टक्क्यांपेक्षा मला जड गेलेली गोष्ट ही. सेवेवर कर देय होतो तो बिल दिलं त्या तारखेला, किंवा त्याआधी पैसे आले तर पैसे आले त्या तारखेला. गिऱ्हाईकाने नव्वद दिवसांनी दिले तरी सरकारला त्याच्याशी देणंघेणं नाही. मार्चच्या २८ ला बिल काढलं तर २२ एप्रिलपर्यंत कर भरायचा, आणि पैसे येणार जूनअखेरीस. तोवर नऊ हजार माझ्या गाठीचे. अशी चार बिलं अडकली की नोकरदार नवऱ्याच्या पगाराकडे डोळे लागतात. उशीर केला तर अठरा टक्के व्याज, शिवाय विवरणपत्राला दिवसाला पन्नास रुपये.

म्हणून मी दोन गोष्टी बदलल्या. महिनाअखेरीस बिल काढायची सवय सोडली, १ तारखेला काढते. काम पूर्ण झाल्यापासून तीस दिवसांत बिल द्यायचं असतं, तेवढी ढील कायद्यातच आहे. तीन-चार दिवसांच्या फरकाने कर भरायला जवळजवळ एक महिना जास्त मिळतो. दुसरं, वसुलीच्या ईमेलमध्ये एक वाक्य वाढवलं: बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट तुम्हाला व्याजासकट परत करावं लागतं. हे खरं आहे, कायद्यात आहे. विनंत्यांनी जे होत नव्हतं ते या वाक्याने होतं.

दुसरा प्रश्न, सेवा दिली कुठे? वस्तूचं सोपं असतं, ट्रक कुठे उतरला ते बघायचं. अनुवाद ईमेलने जातो. कायदा म्हणतो, घेणारा नोंदणीकृत असेल तर त्याची जागा ती सेवेची जागा. पुणे असेल तर नऊ अधिक नऊ. बंगळूर असेल तर एकच आयजीएसटी, म्हणजे राज्याबाहेरच्या व्यवहाराचा जीएसटी, अठरा. रक्कम तीच, पण रकाना चुकला तर नुसती दुरुस्ती करून भागत नाही. चुकीच्या रकान्यात भरलेला कर परत मागायचा आणि बरोबर रकान्यात नव्याने भरायचा. म्हणून नव्या गिऱ्हाईकाला मी दर सांगण्याआधी त्याचा जीएसटी क्रमांक मागते. पहिले दोन आकडे बघितले की रकाना कळतो.

आता जर्मनी. नोंदणीनंतर तिथल्या एजन्सीच्या हिशोबनिसाचा ईमेल आला की आता तुमच्याकडे कर क्रमांक आहे, तर बिलावर तो घाला, आणि जर्मन व्हॅट लावू नका. लावणार तरी कसा? जर्मनीचा व्हॅट १९ टक्के, पण मी तिथे नोंदलेलीच नाही. युरोपीय संघाचा नियम असा की एका धंद्याने दुसऱ्या धंद्याला दिलेली सेवा, घेणारा जिथे आहे तिथे करपात्र. देणारा परदेशातला असेल तर कर घेणाऱ्यानेच स्वतःच्या विवरणपत्रात दाखवायचा आणि हक्क असेल तर तिथेच वजाही करायचा. यालाच रिव्हर्स चार्ज म्हणतात. त्यांच्या पद्धतीप्रमाणे बिलाखाली एक ओळ हवी होती, 'श्टॉयरशुल्डनरशाफ्ट डेस लाइस्टुंग्सएम्फेंगर्स', म्हणजे कराची जबाबदारी सेवा घेणाऱ्याची. असल्या ओळींचा अनुवाद करून मी पोट भरते, माझ्या स्वतःच्या बिलावर ती पहिल्यांदा आली.

तिकडचं तिकडे मिटलं. इकडे काय? आपल्याकडून पाहिलं तर ही निर्यात, आणि निर्यातीवर शून्य दर. पण शून्य आपोआप मिळत नाही. सेवा देणारी भारतात, घेणारा बाहेर, सेवेची जागा बाहेर, दोघं एकाच संस्थेच्या दोन शाखा नाहीत, आणि पैसे परकीय चलनात किंवा रिझर्व्ह बँकेची मुभा असेल तिथे रुपयांत, या अटी जमल्या पाहिजेत. शिवाय दोनच वाटा. एक, आयजीएसटी भरून नंतर परतावा मागायचा. दुसरी, एलयूटी, म्हणजे हमीपत्र देऊन कर न भरता निर्यात करायची. माझ्यासारखीने पहिली वाट धरू नये, पैसे अडकतात.

एलयूटी पोर्टलवरच भरतात. दोन साक्षीदारांची नावं, पत्ते, व्यवसाय लागतात. माझे साक्षीदार शेजारचे निवृत्त शिक्षक आणि खालचे केमिस्ट. दोघांनाही आपण नक्की कशाला साक्ष देतोय हे मी सांगितलं, केमिस्टना लगेच कळलं. सादर केल्याबरोबर क्रमांक येतो. वैधता मात्र ३१ मार्चपर्यंत, दर आर्थिक वर्षाला नवं. मी फेब्रुवारीत एक भरलं आणि पुढच्या वर्षासाठी लगेच दुसरं. नोंदणीची तारीख आणि एलयूटीची तारीख यांच्यामध्ये गेलेल्या जर्मन बिलांची मला धास्ती होती. सीएंनी २०१८ चं परिपत्रक दाखवलं: निर्यात खरी असेल तर एलयूटीला उशीर झाला म्हणून शून्य दर नाकारू नये, मागाहूनही ते ग्राह्य धरता येतं. त्या बिलांबद्दल आजवर काही विचारणा झालेली नाही. बिलावर एलयूटीखाली, कर न भरता निर्यात, असा शेरा असतो. पैसे बिलापासून वर्षाच्या आत यायला हवेत, आणि ते युरोत आल्याचं बँकेचं पत्र मी प्रत्येक बिलाला लावून ठेवते. ते मागायला बँकेत गेलं की काउंटरवरचा माणूस दर वेळी नवा, आणि मी दर वेळी पहिल्यापासून सांगते.

रिव्हर्स चार्ज माझ्यावरही उलटतो. अनुवादासाठी मी परदेशी सॉफ्टवेअर वापरते, वर्षाची वर्गणी डॉलरमध्ये. नोंदणी नव्हती तोवर विषय नव्हता. आता ती सेवेची आयात, आणि विकणाऱ्याने भारताचा कर लावलेला नसेल तर अठरा टक्के मी भरायचे. तेही रोख, साठलेलं क्रेडिट त्यासाठी वापरता येत नाही. भरल्यावर त्याचं क्रेडिट मात्र मिळतं. जर्मन एजन्सी माझ्या बिलाबाबत करते तेच मी अमेरिकन कंपनीच्या बिलाबाबत करते. बाबांना हे फार आवडलं. "म्हणजे गिऱ्हाईकच वसुली अधिकारी!"

क्रेडिट कशाकशाचं? लॅपटॉप, ब्रॉडबँड, सीएंची फी, कामाचे शब्दकोश. शब्दकोश छापील असतील तर पुस्तकांवर करच नाही, त्यामुळे तिथे क्रेडिटही नाही. गिऱ्हाईकाला हॉटेलात जेवू घातलं तर नाही. टू-बी तयार झालं की बाबा ते उघडून माझ्या खरेदीच्या पावत्यांशी ताडून बघतात. हे काम त्यांनी आपणहून घेतलंय. एका दुकानदाराने लॅपटॉपच्या बिलावर माझा नंबरच टाकला नव्हता. बाबांनी गोखले रोडला जाऊन बिल बदलून आणलं, आणि येताना त्याला नियम शिकवून आले.

खरा चिमटा बसला तो वेगळ्याच लोकांना. कारखान्याला अठरा टक्के लागत नाहीत, तो क्रेडिट घेतो. जर्मनीला लागत नाहीत. लागतात ते क्रेडिट न घेऊ शकणाऱ्याला. माझ्याकडे ठाणे कोर्टातले एक वकील कधीमधी करारनामे पाठवतात. वकिलांच्या सेवेवरचा कर त्यांचं धंदेवाईक अशील रिव्हर्स चार्जने भरतं, त्यामुळे वकील स्वतः नोंदणीच घेत नाहीत, आणि माझ्या बिलावरचे अठरा टक्के त्यांच्या अंगावर पडतात. त्यांनी तक्रार केली नाही, कामं मात्र कमी झाली.

आणि विद्यार्थी. गुणपत्रिका, जन्मदाखला, बारावीचं प्रमाणपत्र. कळव्याची, ऐरोलीची, कल्याणची मुलं. ब्लॉक्ड अकाउंटचे (जर्मनीतल्या खर्चासाठी खात्यात अडकवून दाखवायचे), व्हिसाचे पैसे जमवताना आधीच टेकीला आलेली. एका पानाचे हजार रुपये घेत होते, त्याचे ११८० करायचे? मी हजारच ठेवले, कर त्यातच धरून. म्हणजे मूळ किंमत ८४७ रुपये ४६ पैसे आणि कर १५२ रुपये ५४ पैसे. दर पानामागे दीडशे रुपये माझे गेले. सीएंना हे पटलेलं नाही. ते म्हणतात, नोंदणी नसलेला अनुवादक हजारच घेणार, तुम्ही ११८० घ्या आणि दर्जा सांगा. धंद्याच्या हिशोबाने त्यांचं बरोबर असेल. पण या मुलांचं काम माझ्या उलाढालीत थोडं, आणि मला ते सोडायचं नाही. कारखान्याचा दर मी त्याच वर्षी थोडा वाढवला.

नोंदणी घ्यावी का, असं मर्यादेच्या खालचे लोक मला विचारतात. सगळी गिऱ्हाइकं नोंदणीकृत कंपन्या असतील तर ऐच्छिक नोंदणीने फारसं बिघडत नाही, लॅपटॉप आणि सॉफ्टवेअरवरचं क्रेडिट पदरात पडतं. गिऱ्हाइकं घरगुती असतील तर वीस लाख होईपर्यंत थांबावं. राज्याबाहेर सेवा दिली की वीस लाखांखालीही नोंदणी सक्तीची, असं अजून काही जण सांगतात. ऑक्टोबर २०१७ पासून सेवांसाठी ती सक्ती नाही. आणि एकदा घेतली की महिन्यात एक बिल नसलं तरी विवरणपत्र चुकवता येत नाही, कोऱ्यालाही दिवसाला वीस रुपये दंड.

१ नोव्हेंबर २०२५ पासून लहानांसाठी नवी सोपी वाट आलीय. नोंदणीकृत गिऱ्हाइकांच्या बिलांवरचा कर महिन्याला अडीच लाखांच्या आत असेल आणि आधार पडताळणी केली तर तीन कामकाजाच्या दिवसांत नोंदणी. ऐरोलीतली माझी इंटिरियर डिझायनर मैत्रीण त्या वाटेने गेली. तिला नोटीस आली नाही, वीजबिल तिच्याच नावावर होतं. नंबर मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिचा फोन.

"गिऱ्हाईक ठाण्याचं, कंपनी ठाण्याची. नऊ-नऊ लावू ना?"

"काम कुठलं?"

"त्यांचा गोव्यातला बंगला."

तिचा नियम माझ्यापेक्षा निराळा. आर्किटेक्ट, इंटिरियरवाले, सर्व्हेअर यांची सेवा जागेला चिकटलेली, म्हणून गिऱ्हाईक कुठे बसतं ते बघायचं नाही, इमारत कुठे आहे ते बघायचं. "आयजीएसटी लाव, अठरा," मी म्हटलं, "आणि पाठवायच्या आधी तुझ्या सीएला दाखव."